विश्वस्त म्हणून नाव लागेपर्यंत आणि त्यानंतर

आमच्या वाचनालयाचा ट्रस्ट धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला आहे. एका ज्येष्ठ विश्वस्तांचं निधन झालं आणि उरलेल्यांनी ठराव करून त्यांच्या जागी मला घेतलं. हार-तुरे झाले, पण नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट १ वर, अजून जुनंच नाव होतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे असा बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. त्यालाच सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात.

वकिलांनी सगळ्यात आधी न्यासाची घटना मागितली. रिकामी जागा कोणी भरायची, सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची, गणसंख्या किती, हे सगळं तिच्यात असतं आणि अर्ज त्यावरच तपासला जातो. नोटीस, ती मिळाल्याच्या सह्या, इतिवृत्त, मृत्यूचा दाखला, माझं संमतिपत्र, प्रतिज्ञापत्र असा गठ्ठा जमला. आमच्या सचिवांनी नोटिशीची पोच प्रत्येकाच्या घरी जाऊन, तारखेसकट घेतली होती. त्या एका कागदाने आमचं काम फार सोपं केलं. पुढे तारखा पडल्या, सुनावणी झाली, बदल मंजूर झाला. बँकेनेही परिशिष्ट १ चा नवा उतारा पाहिल्यावरच माझी सही घेतली.

खरं काम त्यानंतर कळलं. वाचनालयाच्या तळमजल्यावर एक गाळा भाड्याने दिलेला आहे. भाडेकरू जुने, सज्जन, आणि सगळ्यांशी घरोबा असलेले. त्यांना नऊ वर्षांचा करार हवा होता, तोही जुन्याच भाड्याने. दोघे विश्वस्त तयारही होते. मी कलम ३६ वाचून दाखवलं: इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षांची आहे. विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस यांनाही परवानगी लागतेच.

भाड्याचा मुद्दा मात्र कायद्याच्या पलीकडचा होता. माझ्या घराचं भाडं मी कमी घेतलं तर तो माझा मोठेपणा. वाचनालयाच्या गाळ्याचं कमी घेतलं तर ते अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांच्या पुस्तकांचे पैसे जातात, आणि त्या मुलांना बैठकीत कोणी विचारलेलं नसतं. विश्वस्ताने त्यांच्या वतीने बोलायचं असतं, समोर बसलेला माणूस कितीही आपला असला तरी. हे मला मनापासून वाटतं आणि बैठकीत मी तेवढंच बोललो.

शेवटी तीन वर्षांचा करार झाला, भाडं आजूबाजूच्या गाळ्यांच्या दराने ठरलं. भाडेकरू थोडे नाराज झाले, पण सही केली. वाढीव रक्कम पुस्तकखरेदीच्या खात्यात वेगळी दाखवायची, असा ठराव त्याच बैठकीत घेतला.