तिकिटांवरचे विदूषक

स्मरणिकेत आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील. मी शाळेच्या तिकीट मंडळातल्या मुलांना एक विषय सुचवतो: टपाल तिकिटांवरचे विदूषक, जोकर आणि लबाड. फुलं, पक्षी, क्रिकेट यांचे संग्रह प्रत्येक प्रदर्शनात दिसतात. हा विषय फारसा कुणी घेत नाही आणि त्यातली बरीचशी तिकिटं खिशाला परवडतात.

आधी माणसं वेगळी करा. लाल नाक दिसलं की घे, असं केलंत तर प्रदर्शनातल्या एका फ्रेमची सोळा पानं सर्कशीतच संपतील. दरबारातला मस्कऱ्या राजाला तोंडावर सुनावतो, सर्कशीतला जोकर स्वतः पडून हसवतो आणि लोककथेतला लबाड दुसऱ्याला पाडतो. देशांप्रमाणे नव्हे, या कामांप्रमाणे पानं लावा.

सुरुवातीला ब्रिटनचा शेक्सपिअर संच घ्या. २३ एप्रिल १९६४ला निघालेल्या या पाच तिकिटांपैकी तीन आपल्या कामाची. ३ पेन्सवर खोडकर पक आणि त्याच्या करामतीने गाढवाचं डोकं आलेला बॉटम, ६ पेन्सवर ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधला विदूषक फेस्टे, आणि अडीच शिलिंगवर यॉरिकची कवटी निरखणारा हॅम्लेट. यॉरिक हा राजाचा विदूषक, पण नाटक सुरू होण्याच्या कितीतरी आधी मेलेला. तिकिटाखाली हे दोन ओळींत लिहा, नाहीतर परीक्षक विचारणार, हॅम्लेट इथे कशाला?

हाच संच हाताळताना निम्मं तिकीटशास्त्र शिकून होतं. अडीच शिलिंगवालं सोडून उरलेली चारही तिकिटं दोन प्रकारांत मिळतात, साधी आणि फॉस्फरचे (अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या लेपाचे) तीन उभे पट्टे असलेली. पत्रं वेगळी करणाऱ्या यंत्राला तिकीट ओळखता यावं म्हणून हे पट्टे. समोरून ते दिसत नाहीत. तिकीट डोळ्यांच्या पातळीला आडवं धरून दिव्याखाली तिरकं करा, म्हणजे पट्ट्यांची चमक वेगळी कळते. विकणारे दोन्ही प्रकार एकाच पाकिटात घालतात, तेव्हा घेण्याआधी बघावं. दातरेही मोजा. दातऱ्यांचं माप म्हणजे २ सेंटिमीटरमध्ये किती भोकं पडतात ते. चार तिकिटांचं माप १५ × १४ (आधी आडवी बाजू, मग उभी), अडीच शिलिंगवाल्याचं ११ × १२. त्याची छपाई कोरीव ठशाची असल्याने शाई किंचित वर आलेली असते. बोट फिरवू नका, भिंगातून कळतं.

सर्कशीसाठी २००२ हे वर्ष सोन्याची खाण आहे, कारण युरोपातले टपाल विभाग दरवर्षी एकाच विषयावर काढतात त्या युरोपा मालिकेचा त्या वर्षीचा विषयच सर्कस होता. ब्रिटनची तिकिटं ९ एप्रिलला यायची होती. राजमातेच्या अंत्यविधीमुळे ती १० एप्रिलला आली, पण प्रथम दिवस आवरणांवर (तिकीट निघण्याच्या दिवसासाठी काढलेल्या खास पाकिटांवर) छापली गेलेली तारीख ९च राहिली. ती चूक समजून आवरण परत करू नका. अमेरिकेचं १९६६चं ५ सेंटचं सर्कस तिकीट स्वस्त आहे आणि त्यावर जोकरचा चेहराच आहे.

लबाडांत भारत श्रीमंत. २००१च्या पंचतंत्र संचात सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा ससा आहे, मगरीला फसवणारं माकडही आहे. प्रत्येक गोष्ट दोन जोडतिकिटांवर पसरलेली आहे. जोडी फाडली की गोष्टच अर्धी राहते. चीनचा १९७९चा, ‘पश्चिमेकडील प्रवास’ या जुन्या कादंबरीवरचा आठ तिकिटांचा संच सुन वुकोंग या माकडराजासाठी हवा. चीनचंच १९८०चं लाल माकड मात्र चिनी राशिचक्राचं. ते महाग आहे, त्याच्या नकलाही भरपूर आहेत आणि आपल्या विषयात ते बसतही नाही. जोकरांच्या गटासाठी आणखी एक: चॅप्लिनवर आपल्याकडे १९७८ साली २५ पैशांचं तिकीट निघालं. कालिदासावरच्या १९६०च्या दोन तिकिटांवर यक्ष आणि शकुंतला आहेत, ‘शाकुंतल’मधला राजाचा विदूषक माढव्य नाही. माझ्या मते तो राहायला नको होता.

सापळा एकच: अजमान, फुजैरा, शारजा या आखाती अमिरातींची १९६०-७०च्या काळातली भडक सर्कस तिकिटं. कोपऱ्यावर सुबक शिक्का आणि मागे गोंद शाबूत, म्हणजे तिकीट पत्रावर कधी गेलंच नाही. शोभेला ठेवा, स्पर्धेत गुण मिळत नाहीत.

पुण्याच्या पावसाळ्यात न वापरलेल्या तिकिटांचा गोंद पानाला धरतो. स्टॉकबुकं (तिकिटं खोचून ठेवायच्या वह्या) एकावर एक रचू नका, उभी ठेवा, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या. पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं टाळा. चिकटलेलं तिकीट ओढायचं नाही. झाकणाच्या डब्यात ओल्या स्पंजवर जाळी ठेवून त्यावर काही तास ठेवा. गोंद जाईल, कागद वाचेल. पाकिटावरचं तिकीट कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, पण लाल किंवा जांभळ्या पाकिटाचा तुकडा स्वतंत्र भांड्यात, कारण रंग उतरतो. हल्लीची स्वयंचिकट तिकिटं पाण्यात सुटतीलच असं नाही. भोवती कागद ठेवून कापलेली बरी.

सहावी ते नववीच्या मुलांसाठी डाक विभागाची दीनदयाळ स्पर्श ही शिष्यवृत्ती योजना आहे, वर्षाला ६००० रुपये. त्यासाठी शाळेत तिकीट मंडळ हवं आणि मूल त्याचं सभासद हवं, किंवा मुलाच्या नावे फिलाटेली डिपॉझिट खातं (आगाऊ पैसे भरून नवी तिकिटं मागवायचं टपालातलं खातं) हवं. खात्याची चौकशी पुणे जीपीओच्या फिलाटेली ब्यूरोत करावी. प्रश्नमंजूषेनंतर प्रकल्प मागतात, तिथे वरचे तीन गट उपयोगी पडतील.