तुम्ही विचारलंत म्हणून: गांजाने बीपी उतरतं का?

"ताई, एक विचारू का, पण डॉक्टरांना सांगू नका."

शर्ट काढून बेडवर आडवं झालं, हातापायाला क्लिपा लागल्या, छातीवर सहा बल्ब चिकटले की माणूस अचानक मोकळं बोलायला लागतो. मी गेली सोळा वर्षं कर्वेनगरमधल्या एका छोट्या सेंटरला ईसीजी आणि टीएमटी (पट्ट्यावर चालवून-पळवून घेतात ती हृदयाची टेस्ट) करते आणि हा प्रश्न आता इतक्या वेळा आलाय की एकदा नीट लिहूनच टाकते. विचारणारे सगळ्या प्रकारचे असतात. इंजिनिअरिंगची पोरं असतात, हिंजवडीहून सुट्टी टाकून आलेला एखादा टीम लीड असतो, पन्नाशीचे गृहस्थही असतात ज्यांचा शनिवारचा एक ग्रुप ठरलेला आहे. परवा तर आमच्याच सोसायटीतल्या एका वहिनींनी मुलासाठी विचारलं, जिन्यात, इकडेतिकडे बघत. प्रश्न एकच, गांजाने बीपी कमी होतं म्हणतात, नॅचरल आहे, मग गोळ्यांपेक्षा बरंच ना?

मी डॉक्टर नाहीये हे आधीच सांगते. निदान करणं माझं काम नाही, आकडे नीट घेणं माझं काम. पण आकडे मी रोज बघते आणि या बाबतीत लोक नेमके आकड्यालाच फसतात.

उत्तर "नाही" असं आहे. पण नुसतं नाही म्हणून कुणाचं समाधान होत नाही कारण त्यांनी स्वतःच्या मशीनवर आकडा उतरलेला बघितलेला असतो, आणि तो खरंच उतरलेला असतो. म्हणून धुळवडीची गोष्ट सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत धुळवडीला ठंडाई होती, एक पातेलं साधं आणि एक "स्पेशल", म्हणजे भांगेचं. आमच्या विंगमधले एक काका, वय ६१, बीपीची गोळी रोज सकाळी घेणारे, शिस्तीचे. त्यांनी स्पेशलचा एक ग्लास घेतला, अर्धा तास झाला तरी काही वाटेना म्हणून अजून एक घेतला. दीड-दोन तासांनी जेवायला चला म्हणून हाक मारली, काका खुर्चीतून उठले आणि दोन पावलं टाकून सरळ खाली. भुवईच्या वर खोक पडली. मी धावत घरी जाऊन बीपीचं मशीन आणलं. सतरंजीवर आडवं असताना १४२/८६, पल्स १२६. दोघांनी धरून उभं केलं आणि लगेच परत घेतलं तर ९४/५८, पल्स १३८, आणि काका म्हणतायत अंधारी येतेय, बसवा मला. तेवढ्यात बाजूला उभा असलेला त्यांचा पुतण्या अगदी मनापासून म्हणाला, "बीपी तर उतरलंय, मग चांगलंच आहे की."

तर तेच चांगलं नाहीये.

आपण उभं राहतो तेव्हा रक्त पायाकडे उतरतं आणि शरीर क्षणात रक्तवाहिन्या आवळून ते वर ढकलतं, हे आपल्याला कळतही नाही. गांजातलं, भांगेतलं (झाड एकच) जे नशा आणणारं द्रव्य आहे, टीएचसी, ते या वाहिन्या सैल सोडतं आणि हे आवळणं बिघडवतं. मग डोक्याला रक्त कमी पडतं, चक्कर येते, माणूस पडतो. आणि हे सावरायला हृदय जोरात धावतं. सोसायटीच्या पाण्याचं उदाहरण घ्या, वरच्या मजल्यावर प्रेशर येत नाहीये म्हणून मोटर सारखी चालू आहे, अशा वेळी प्रेशरचा काटा खाली आलाय म्हणून कुणी खूश होत नाही, उलट मोटर जळेल म्हणून वॉचमनला हाक मारतात. काकांच्या बाबतीत काटा ९४ होता आणि मोटर १३८ वर होती. बीपीच्या गोळीनेही काहींना उठताना चक्कर येते, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही येते, त्यात वर भांग म्हणजे तिन्ही एकाच दिशेने ओढणार. आणि आडवं असताना बघा, १४२ होतंच की. बऱ्याच जणांचं झोपलेल्या किंवा बसलेल्या स्थितीत बीपी उलट थोडं चढतंच.

आता ओढायचं म्हणजे जॉईंटचं, गांजाच्या सिगरेटचं बोलू. दम मारल्यावर काही मिनिटांत पल्स चढते, साधारण २० ते ५० ठोक्यांनी, आणि दोन-तीन तास चढलेली राहते. सरासरी ३० धरली तरी दोन तासांचे ३६०० जास्तीचे ठोके झाले, सोफ्यावर बसल्या बसल्या. तुम्ही म्हणाल मग टीएमटीला तुम्ही पळवताच की आम्हाला, तेव्हाही पल्स १६० जाते. जाते, पण तेव्हा तुम्ही पळताय, समोर डॉक्टर आहेत, स्क्रीनवर ईसीजी आहे, काही वेगळं दिसलं की आम्ही पट्टा थांबवतो. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं. ठोके वाढले की तो विसावाच कमी होतो. म्हणजे काम जास्त आणि स्वतःला खायला वेळ कमी. त्यात धूर. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट चिवटपणे चिकटतो, मग आहे त्या रक्तातही ऑक्सिजन कमी. आणि पुण्यात बहुतेक जण सिगरेटची तंबाखू मिसळूनच रोल करतात, वर म्हणतात मी सिगरेट ओढत नाही. अहो ओढताच आहात.

ज्यांच्या नसा स्वच्छ आहेत त्यांचं बऱ्याचदा निभावून जातं. ज्यांच्या नसेत आधीच ब्लॉक आहे आणि त्यांना माहीत नाही, त्यांचं काय? १९७४ साली अमेरिकेत चालताना छातीत दुखणाऱ्या १० पेशंटवर प्रयोग झाला होता. एक गांजाची सिगरेट ओढल्यावर व्यायाम करताना छातीत दुखायला लागेपर्यंतचा वेळ ४८ टक्क्यांनी कमी झाला, टीएचसी काढून टाकलेली ओढल्यावर जेमतेम ९ टक्क्यांनी. मग २००१ मध्ये हार्ट अटॅक आलेल्या ३८८२ लोकांना विचारून केलेला अभ्यास आला, त्यात ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात अटॅकचा धोका ४.८ पट निघाला आणि तासाभरानंतर झपाट्याने उतरला. खरं सांगायचं तर त्या एका तासात ओढलेले लोक फक्त ९ होते, त्यामुळे ४.८ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका, पण तो पहिला तास आणि मघाशी सांगितलेली पल्स हे बरोबर जुळतं ना? २०२४ मध्ये अमेरिकेतल्या चार लाखांवर लोकांच्या सर्व्हेवरचा अभ्यास आला, रोज वापरणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण २५ टक्के आणि स्ट्रोकचं ४२ टक्के जास्त दिसलं. हे त्यांनी स्वतः सांगितलेल्या माहितीवरून आहे, आणि एकत्र दिसलं म्हणजे त्यामुळेच झालं असं नाही, पण दुर्लक्ष करण्याइतका हा फरक छोटाही नाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल ताईंनी एकतर्फी लिहिलं. व्हॉट्सअॅपवर जे फिरतं ना, "गांजाने बीपी उतरतं, इस्राएलच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं", तो अभ्यास खरा आहे, २०२१ चा. साठीच्या पुढच्या, बीपी असलेल्या लोकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन महिने मेडिकल कॅनाबिस (औषध म्हणून देतात तो गांजा) दिलं आणि चोवीस तासांचं बीपी साधारण ५ अंकांनी उतरलं. पण शेवटपर्यंत माणसं होती २६ आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. तसंच २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये ९ तरुणांना सीबीडीचा ६०० मिलिग्रॅमचा एक डोस दिला, बीपी ६ अंकांनी उतरलं. सीबीडी म्हणजे त्याच झाडातलं दुसरं द्रव्य, नशा न आणणारं. टेकडीवर कागदाच्या पुडीतून जे येतं त्यात टीएचसी किती, सीबीडी किती, अजून काय मिसळलंय, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, तर त्या अभ्यासाचा त्या पुडीशी संबंध लावू नका, कृपा करा.

रोज ओढणारे म्हणतात मला आता काही होत नाही. पल्सच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे, शरीराला सवय होते, ती उडी कमी होते. धुराची मात्र सवय होत नाही, कार्बन मोनॉक्साइड तेवढाच जातो. आणि बरीच वर्षं रोज भरपूर ओढणारा एकदम थांबला की काहींचं बीपी काही दिवस चांगलंच चढतं. म्हणून सोडताना (सोडाच) बीपी मोजत राहा आणि डॉक्टरांना सांगून सोडा.

खाण्याचं वेगळं. भांगेची गोळी असो की ब्राउनी, चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कितीही लागतं. "मला चढतच नाहीये" म्हणून दुसरा डोस घेतात, काकांनी घेतला तसा, आणि मग दोन्ही एकदम येतात.

आता ज्यासाठी खरं हे लिहायला घेतलं ते. "डॉक्टरांना सांगू नका."

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा टीएमटीला आला, ३१ वर्षांचा, छातीत धडधड होते अशी तक्रार. छातीला स्टिकर लावले, स्क्रीन चालू केली, पट्ट्यावर पाऊलही टाकलं नव्हतं आणि पल्स ११६. विचारलं चहा-कॉफी? नाही. सिगरेट? नाही. घाबरलायस का? थोडा. दहा मिनिटं बसवला, पाणी दिलं, तरी ११२. मग मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, बाळा, मी तुझ्या आईला सांगणार नाहीये, पण तुझा रिपोर्ट चुकीचा जाईल, काय घेतलंयस? तेव्हा खाली बघत म्हणाला, टेस्टचं टेन्शन आलं होतं म्हणून सकाळी अर्धा मारला. आमच्या डॉक्टरांनी टेस्ट पुढे ढकलली, ओरडले नाहीत, म्हणाले चार दिवस काही न घेता ये. चार दिवसांनी तोच मुलगा, तीच खोली, पल्स ७८. तो बोलला नसता तर धडधडीचं कारण आम्ही थायरॉइडपासून सगळीकडे शोधत बसलो असतो आणि कदाचित त्याला नको ती गोळी सुरू झाली असती.

लोकांना पोलिसांची भीती वाटते हे मला कळतं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याने गांजा-चरस बंद आहे, महाराष्ट्रात भांगेवरही बंधनं आहेत. पण समोरच्या डॉक्टरांना तुमच्यावर केस करायची नसते, त्यांना गोळी ठरवायची असते. वाल्व बदललेला पेशंट वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असेल तर गांजाने आणि सीबीडीने रक्त जास्त पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो, हे त्याने सांगितलंच नाही तर डॉक्टरांनी ओळखायचं कसं? व्यसन सुटत नसेल तर त्याच कायद्यात स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला जाणाऱ्याला संरक्षणाची तरतूदही आहे, आणि आपल्या पुण्यात येरवड्याला १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे पहिला फोन बहुतेक वेळा आई किंवा बायको करते, तुम्हीही करू शकता.

आणि ओढल्यावर छातीत दाब आला, हात-जबडा दुखायला लागला, दरदरून घाम आला, तर "चढलीये, उतरेल" म्हणत मित्राच्या रूमवर पडून राहू नका. १०८ ला फोन करा आणि काय घेतलंय ते पहिल्याच वाक्यात सांगा.

जिन्यातल्या वहिनींना मी एवढंच म्हटलं की त्याला रागावून विचारू नका, माझ्याकडे ईसीजीला पाठवा, बाकी मी बोलते. अजून आलेला नाही. वाट बघतेय.

काकांचं सांगायचं राहिलं. हॉस्पिटलमध्ये भुवईला चार टाके पडले, ईसीजी झाला, रात्रभर ठेवलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं-प्यायलं होतं, तर काकू म्हणाल्या उन्हाने झालं असेल. मीच पुढे होऊन सांगितलं, भांग होती, दोन ग्लास. त्यानंतर काकू महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, लिफ्टमध्ये भेटल्या तरी फोनमध्ये बघायच्या. मग एका संध्याकाळी स्वतःच दार वाजवलं, हातात शंभर पानी वही. डॉक्टरांनी रोज बीपी लिहायला सांगितलंय म्हणाल्या, बघ बरोबर लिहितेय का. पट्टीने दोन रकाने आखले होते, एकावर "झोपून" आणि दुसऱ्यावर "उभं राहून".