दात घशात

"ह्याला दातच नाहीत!" काचेच्या पेटीतल्या कार्प माशाच्या सांगाड्यापुढे उभी राहून एक छोटी मुलगी आज ओरडली. वडिलांनी जबडा नीट पाहिला, "नसतील गं" म्हणाले आणि पुढे सरकले.

मी मात्र तिथेच अडकलो. जबड्यात खरंच नसतात. असतात घशात! कल्ल्यांच्या शेवटच्या कमानीवर. कवटीच्या तळाशी एक कडक गादी असते, तिच्यावर घासून हे दात खाणं भरडतात. झिजले की पडतात, नवे येतात. पेटीच्या मागच्या बाजूने वाकून पाहिले तेव्हा दिसले: ठेंगणे, चपटे, अगदी दाढांसारखे.

त्यांच्या जरा मागे आणखी एक गंमत असते. कवटीलगतच्या पहिल्या काही मणक्यांपासून तयार झालेली इवल्या हाडांची साखळी. पोटातल्या हवेच्या पिशवीला जाणवलेली आवाजाची थरथर ही साखळी आतल्या कानापर्यंत पोचवते. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1820 मध्ये तिचं वर्णन केलं. गोड्या पाण्यातल्या माशांच्या बहुतेक जातींमध्ये ती सापडते.

आपल्या कानातही तीन हाडं आहेतच. त्यातली दोन आपल्या फार जुन्या पूर्वजांच्या जबड्यातून आली. म्हणजे ऐकण्यासाठी माशांनी मणके वापरले, आपण जबडा. उत्क्रांतीइतकं जुगाडू कोणी नसेल.

शाळेत आपण माशाची आकृती काढली, पर, खवले, कल्ले अशी नावं दिली, मार्क मिळवले. हे सगळं तेव्हा का नाही सांगितलं कुणी?