सहा महिने ते तीन वर्षं, या बाळांनी जायचं कुठे?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी हा मेसेज पडतोच, 'सात महिन्यांच्या बाळासाठी जवळपास चांगलं पाळणाघर सुचवा प्लीज'. उत्तरं ठरलेली. कुणीतरी म्हणतं आजीला बोलावून घ्या (आजीला स्वतःचं काही नसतंच ना), कुणीतरी नवीन उघडलेल्या डे केअरचं ब्रोशर टाकतं आणि कुणीतरी घरीच बाळं सांभाळणाऱ्या काकूंचा नंबर देतं. काकूंकडे जागा नसते. काकूंकडे कधीच जागा नसते.

इकडे पुण्यात सिंहगड रोड, वडगाव, धायरी, नऱ्हे या पट्ट्यात तीन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी प्ले ग्रुप-नर्सरी गल्लोगल्ली आहेत, पण त्याच्या आतलं बाळ घ्यायला कुणी पटकन तयार होत नाही, कारण त्याला भरवायचं, शी-शू काढायची, खांद्यावर घेऊन झोपवायचं, म्हणजे एक माणूस तिथे अडकूनच पडतो. २०१७ ला कायदा बदलला आणि पगारी बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, खरंच फार बरं झालं, पण ती संपते तेव्हा बाळ जेमतेम बसायला लागलेलं असतं. त्याच कायद्यात असंही आहे की ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाऊ दिलं पाहिजे. आमच्या ऑफिसात तीस माणसंही नाहीत, त्यामुळे आमचा प्रश्न आपोआपच निकालात. मैत्रिणीची कंपनी हिंजवडीत, मोठी, तिथे जवळच्या पाळणाघराशी टाय-अप वगैरे सगळं आहे. पण धायरीतून सात महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास बसमध्ये कोण बसणार? ती काही ती सोय वापरत नाही, आणि मग एचआर म्हणतं की डिमांडच नाही.

मी माझ्या मुलीसाठी शोधायला लागले तेव्हा आधी एका चकचकीत डे केअरमध्ये गेले. एसी, भिंतीवर जिराफ, मोबाईलवर दर दोन तासांनी फोटो येणार. फी महिना १४,५००, ॲडमिशनचे वेगळे २०,००० आणि ते परत मिळणार नाहीत, डायपर-वाइप्स आपले, साडेसहानंतर लेट फी. काउन्सेलर मुलगी छान बोलत होती. मी विचारलं, एका मावशींकडे किती बाळं असतात? तर म्हणे, "आमचा रेशिओ इंटरनॅशनल आहे मॅम." बरं. मग आत डोकावले तर अकरा बाळं आणि दोन मावशी, त्यातल्या एक फरशी पुसत होत्या. म्हणजे त्या वेळी अकराला एक. एक बाळ पाळण्याचा गज धरून रडत होतं, मोठ्याने नाही, बराच वेळ रडून झाल्यावर मुलं कशी कुरकुरतात ना तसं, आणि त्या मावशी दुसऱ्याला भरवत होत्या, त्या तरी काय करणार. "या मावशी कधीपासून आहेत?" "दिवाळीनंतर जॉइन झाल्या." "आणि आधीच्या?" "त्या सोडून गेल्या." तिथेच माझं ठरलं.

मला विचाराल तर पाळणाघर बघायला जाल तेव्हा एवढा एकच प्रश्न नक्की विचारा, की सांभाळणारी बाई इथे किती दिवस आहे. कॅमेऱ्याचं नंतर बघा. खारघरच्या एका पाळणाघरातला २०१६ चा तो व्हिडिओ आठवत असेल, दहा महिन्यांच्या बाळाला मारतानाचा, तिथेही सीसीटीव्ही होताच की. कॅमेऱ्यामुळे नंतर कळलं, मार काही थांबला नाही.

शेवटी काकूंकडेच नंबर लागला, कुणाची तरी बदली झाली म्हणून. तळमजल्यावरचा टू बीएचके, हॉलमध्ये सतरंजी, दारात चपलांचा ढीग, दुपारी टीव्ही चालू (मला तो आवडत नाही, पण बोलायची हिंमत होत नाही). लहानांना खिमट, मोठ्यांना वरणभात-तूप. पहिल्या आठवड्यात काकू मला म्हणाल्या, "अगं, ती डाव्या कुशीवर लवकर झोपते, तू घरी उजवीकडे निजवत असशील." ॲपवर असलं काही येत नाही. फी ७,००० खाण्यासकट. तोटेही आहेत, काकूंच्या भाचीचं लग्न निघालं की आमची सगळ्यांची रजा पडते, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्याकडे कुणी सरकारी माणूस तपासायला म्हणून आलेला नाही. आमची मुलं सुरक्षित आहेत ती केवळ काकू चांगल्या आहेत म्हणून.

आता फीचं. सगळेजण डे केअरवाले लुटतात म्हणतात, पण जरा हिशोब करून बघा. एका बाईने एका वेळी तीन, फार तर चार तान्ही बाळं नीट सांभाळावीत. तिला १५,००० द्यायचे म्हटले, पुण्यात रोज दहा तासांच्या कामाला हे काही जास्त नाहीत, तर चार बाळांत बाळामागे पावणेचार हजार नुसता पगार झाला. भाडं, वीज, खाणं, ती आजारी पडली तर बदली बाई, चालवणाऱ्याचे चार पैसे, सगळं धरलं की आठ-नऊ हजारांच्या खाली हे बसतच नाही. म्हणजे कुणी चार हजारांत दहा तास बाळ सांभाळत असेल तर एकतर बाईमागे आठ-दहा बाळं आहेत नाहीतर बाईला पगार नाही. काकूंचं ७,००० मध्ये कसं भागतं? फ्लॅट स्वतःचा, सून फुकट हात लावते आणि काकूंनी स्वतःचा पगार कधी धरलेलाच नाही. त्यांनी धरला तर आम्हाला परवडणार नाही, आणि हे आम्हा सगळ्यांना माहितीये.

आणि हे सगळं सात-आठ हजार देऊ शकणाऱ्यांचं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा धाकटा दोन वर्षांचा आहे, त्याला नऊ वर्षांची बहीण सांभाळते आणि त्यापायी तिची शाळा आठवड्यातून दोनदा तरी बुडते. वस्तीत अंगणवाडी आहे, सेविका चांगल्या आहेत, वजन करतात, लसीची तारीख सांगतात. पण २ ऑक्टोबर १९७५ ला ही योजना सुरू झाली तेव्हापासून तिचा भर आहार, आरोग्य आणि तीन ते सहाच्या मुलांच्या शाळापूर्व शिक्षणावर, तेही काही तासांपुरतं. दोन वर्षांच्या पोराला घरपोच आहाराचं पाकीट मिळतं, पण आई चार घरची भांडी घासून येईपर्यंत त्याला धरायला कुणी नाही. बांधकामाच्या साइटवर मजुरांच्या मुलांसाठी मोबाईल क्रेचेससारख्या संस्था १९६९ पासून हे काम करतायत, आपल्या पुण्यातही तारा मोबाईल क्रेचेस या संस्थेचं काम आहे, पण साइटच्या बाहेरच्या बायकांचं काय?

केंद्राची पाळणा योजना आहे, अंगणवाडीतच पाळणाघर चालवायचं. कल्पना मला एकदम पटते, खोली आहे, विश्वास आहे, चालत जाता येतं. पण जुन्या राष्ट्रीय क्रेश योजनेचा हिशोब होता २५ मुलांना एक सेविका आणि एक मदतनीस, साडेसात तास, आणि नव्यातही तेच गणित पुढे आलं तर वरचं आपलं चार बाळांचं गणित लावून बघा. शिवाय सेविकांना मिळतं ते मानधन, पगार नाही. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ राज्यातल्या अंगणवाडी सेविका पन्नासहून जास्त दिवस संपावर होत्या, मानधन वाढवा, ग्रॅच्युइटी द्या म्हणून, आणि ग्रॅच्युइटीचा हक्क तर सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्येच मान्य केला होता. आमच्या सोसायटीत त्या संपाचं कुणाला पत्ताही नव्हता. आमची मुलं तिथे जात नाहीत ना.

ताईंना मी विचारलं, इथल्या अंगणवाडीत संध्याकाळपर्यंत सोय झाली तर किती देऊ शकाल? त्या म्हणाल्या, "पाचशे देईन वहिनी, पण पोरीची शाळा बुडली नाही पाहिजे." पाचशे. वरचे साडेसात-आठ हजार आमच्या टॅक्समधून गेले तर माझी काहीच हरकत नाही, आणि तिथे काकूंसारखी बाई टिकणार असेल तर मी माझी मुलगीपण तिथेच पाठवीन.