मोआबच्या दगडावर जीपचे सांधे तपासताना

डेन्व्हरहून युटातलं मोआब साधारण ५७० किलोमीटर. आय-७० महामार्ग पकडायचा, आयझेनहॉवर बोगद्यातून रॉकीज ओलांडायच्या, ग्रँड जंक्शनला पोटपूजा उरकायची आणि क्रेसेंट जंक्शनला दक्षिणेकडे वळायचं. रस्ता देखणा आहे, पण त्यावर पुष्कळांनी लिहून ठेवलंय. आमचं अर्धं लक्ष मागच्या ट्रेलरवर होतं. त्यावर आमच्या सांगलीकर मित्राची सीजे-७ जीप. हे मॉडेल १९७६ ते १९८६ या काळात निघायचं, चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा. याच्या गाडीच्या आधीच्या मालकाने मागचे पाटे काढून फोर-लिंक बसवली होती, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल चॅसिसला दोन वरच्या आणि दोन खालच्या दांड्यांनी जोडला होता. चार लिंक, प्रत्येकीला दोन टोकं, म्हणजे आठ सांधे. आठही हाइम जॉइंट, म्हणजे कड्यात गोळा फिरणारे सांधे, आणि आठांतही प्ले, म्हणजे झिजून आलेला सैलपणा. येत्या हिवाळ्यात सगळे बदलायचे होते, आणि काय घालायचं यावर उन्हाळाभर व्हॉट्सअ‍ॅपवर हमरीतुमरी चालली होती.

मोआबला जाण्याचं कारण तेच. १९५२ मध्ये चार्ली स्टीनला या भागात युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि त्या धांदलीत खाणवाल्यांनी डोंगरदऱ्यांत वाटा काढल्या. पुढे त्यातल्या बऱ्याच वाटा जीपवाल्यांच्या झाल्या. १९६७ पासून इथे ईस्टर जीप सफारी भरते. आम्ही गेलो ऑक्टोबरमध्ये, तरी मोआबजवळच्या सँड फ्लॅट्स या जीपवाटांच्या भागातल्या पार्किंगमध्ये हरतऱ्हेच्या घरी बनवलेल्या गाड्या उभ्या होत्या. इथली पद्धत छान आहे. ‘जरा खालून बघू का?’ असं विचारलं की मालक स्वतःच बॅटरी घेऊन शेजारी आडवा होतो.

खालून बघितलं की पक्ष कळतात. कंपनीचा रबरी बुश, म्हणजे लिंकच्या टोकातल्या भोकात बोल्टभोवती बसणारी नळी, हादरे गिळतो, आवाज करत नाही, पण चाक फार वर-खाली गेलं की पिळला जातो आणि शेवटी फाटतो. पॉलियुरेथेनचा बुश त्याहून कडक. पिळायला तो तयारच नसतो, मग ताण लिंक धरणाऱ्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर येतो. हाइम म्हणजे आटे पाडलेल्या दांड्याच्या टोकाला लोखंडी कडं आणि त्यात फिरणारा गोळा, भरपूर वाकतो, वजनाला हलका. पण त्यात हादरा गिळायला काहीच नाही आणि इथली लाल वाळू आत शिरली की पॉलिश पेपरचं काम करते. चौथा जॉनी जॉइंट, करी कंपनीच्या जॉन करी यांचा. त्यातही गोळाच, पण दोन प्लॅस्टिकच्या वाट्यांमध्ये बसवलेला. ग्रीस मारता येतं, सैल पडला की खोलून नव्या वाट्या घालता येतात.

मित्राचा प्रश्न एकच: ‘यातला सगळ्यात मजबूत कुठला ते सांग.’ माझं म्हणणं, तो प्रश्नच अर्धा आहे. सांधा कुठे बसणार ते आधी सांग.

त्याच्याच गाडीचा हिशेब घ्या. टायर ३७ इंची, दबल्यावर जमिनीपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत साधारण ४५ सेंटिमीटर. खालची लिंक मध्याच्या ५ सेंटिमीटर खाली, वरची १५ सेंटिमीटर वर. टायर दगडाला जितक्या जोराने ढकलतो तो जोर वरच्या लिंकपासून ६० सेंटिमीटरवर लागतो आणि त्याला अडवणारी खालची लिंक फक्त २० सेंटिमीटरवर. म्हणजे खालच्या जोडीवर तिप्पट जोर आणि वरच्या जोडीवर उलट दिशेने दुप्पट. मागच्या अ‍ॅक्सलने टनभर ढकललं तर खालची एकेक लिंक दीड टन झेलते, आणि यात आपटणं धरलेलंच नाही. आठही सांधे एकाच मापाचे घेणं म्हणूनच मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी हेल्स रिव्हेंज ही जीपवाट. खडकावर रंगवलेल्या ज्वाळांच्या खुणा बघत जायचं. सुरुवातीलाच एक अरुंद कणा चढायचा, दोन्हीकडे उतार, बॉनेटपलीकडे नुसतं आभाळ. टायरची हवा कमी केली की हा वालुकाश्म असा पकडतो की विश्वास बसत नाही. पण पकड जितकी जास्त तितका सांध्यांवर ताण. चिखलात चाक फिरून सुटतं, इथे सुटत नाही.

पुढे एका चढावर रांग थांबलेली. कुणाच्या तरी बगी-गाडीच्या खालच्या लिंकचा हाइम तुटला होता आणि अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकला होता. मालकाने शांतपणे रॅचेटच्या पट्ट्याने तो ओढून धरला आणि पेटीतून नवा हाइम काढला. तुटका तुकडा मी मागून घेतला. मोड बरोबर आट्यांच्या मुळाशी. अर्ध्याहून जास्त भाग काळपट, त्यावर ओहोटीनंतर वाळूत राहतात तशा कमानदार रेषा. उरलेला भाग ताजा, खरबरीत, चकचकीत. म्हणजे तडा जुना होता, आज फक्त उरलेला जीव गेला. ब्रॅकेटच्या कडेला मार लागून रंग उडाला होता. चाक पूर्ण खाली लोंबकळलं की हाइमची मान तिथे टेकत होती, आणि ओढ-ढकल झेलायला बनवलेला दांडा दरवेळी वाकवला जात होता. सव्वा इंची दांडा, कॅटलॉगात त्याचा आकडा नक्कीच भारदस्त असणार!

‘मग स्पेसर घालायचा ना,’ मित्र म्हणाला. म्हणजे गोळ्याच्या दोन्ही बाजूंना निमुळती नळी. घालायचाच, त्याने सांधा वाकण्याचा कोन वाढतो. पण स्पेसर गोळ्याच्या भोकात बसतो, भोक लहान होतं आणि बोल्ट बारीक घ्यावा लागतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; सहा सुती बोल्टचा छेद पाच सुतीच्या जवळजवळ दीडपट असतो. सांधा दणकट आणि बोल्ट किरकोळ, असं तिथल्या किती गाड्यांखाली बघितलं!

रात्री कॅम्पवर त्याने ब्रेक दाबून धरला, गाडी पुढे-मागे झुलवायला लावली आणि मी एकेका सांध्यावर हात ठेवून बघितलं. खालचे चार बोटांना सरळ टकटक जाणवत होते. वरच्या एकाचा तर चेकनटच, म्हणजे आटे आवळून धरणारा नटच, ढिला, सांधा त्यामानाने बरा.

ठरलं ते असं: खालच्या लिंकना दोन्ही टोकांना मोठ्यातला मोठा जॉनी आणि सहा सुती बोल्ट, वरच्यांना त्याहून एक माप लहान. प्रत्येक लिंकच्या एका टोकाला उलटे आटे, म्हणजे लिंक न काढता लांबी जुळवता येईल. हाइम एकही नाही. मला चॅसिसच्या बाजूला रबर चाललं असतं, त्याने रस्त्याचे हादरे गिळले असते आणि गाडी घरापर्यंत चालवत आणता आली असती, पण त्याला ट्रेलरचाच नाद आहे.

ऑर्डर परतीच्या वाटेवर फ्रूटा गावात कॉफी पिताना मोबाइलवरूनच दिली. बोल्ट मात्र तो दुकानात हातात घेऊनच घेणार आहे, आटे नसलेला भाग ब्रॅकेटच्या दोन्ही पानांतून पार जातोय का ते मोजून.