‘मला काहीच येत नाही’ म्हणणारी मुलं

सोमवार, रात्र

परीक्षा जवळ आली की माझ्या कॉलेजातल्या केबिनच्या दाराशी तेच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतं. "मॅडम, मला काहीच येत नाही." असं म्हणणाऱ्यांत खरोखर मागे पडलेली मुलं असतात, आणि वर्गात पहिल्या पाचांत येणारीही असतात. मला जास्त काळजी वाटते ती या दुसऱ्यांची, कारण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आज एक मुलगी संख्याशास्त्राची वही घेऊन आली. पान उघडलं तर जवळजवळ कोरंच दिसलं. वही उजेडात धरली तेव्हा कळलं, गणित पूर्ण सोडवलेलं होतं. पेन्सिल इतकी हलकी टेकवली होती की आकडे कागदावर उमटलेच नव्हते म्हणा ना. एका जागी खोडून खोडून कागद पातळ झाला होता, आणि त्या जागी पुन्हा तेच उत्तर होतं. तेच, आणि बरोबर.

"आधीचं का खोडलंस?"

"चुकलं असेल असं वाटलं."

"आणि परत केलंस तेव्हा?"

"परत तेच आलं."

प्रमाण विचलनाची, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते मोजण्याची, पायरी मला तोंडी सांग म्हटलं, तर तिने न अडखळता सांगितली. भागाकार एकूण नोंदींपेक्षा एक कमी धरून का करायचा, हेही सांगितलं. "सरासरी त्याच नमुन्यातून काढलीय ना, म्हणून." हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण त्यामागचं कारण सांगणारे वर्गात मोजकेच. आणि पाठोपाठ म्हणाली, "पण हे असंच आलं मॅडम, पेपरात नाही यायचं."

‘असंच आलं’ हे मी कितीदा ऐकलंय! पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली, भरपूर शिकलेल्या आणि कर्तबगार अशा दीडशेहून अधिक स्त्रियांच्या अनुभवांवरून हेच नोंदवलं होतं. पदव्या हातात असूनही आपण सगळ्यांना फसवलं आहे आणि एक दिवस उघडे पडू, असं त्यांना वाटत असे. यश मिळालं तर नशिबाने, हुकलं तर आपल्यामुळे, असा हा हिशेब. असा हिशेब मांडणाऱ्याच्या पदरी काही जमा होणार कसं?

मंगळवार

कालची वही डोक्यातून जात नाही. त्या मुलीला ‘अजून अभ्यास कर’ म्हणणं निरुपयोगी आहे. ‘तू हुशार आहेस गं’ हेही फार पुरत नाही, आणि ते का पुरत नाही याचं उत्तर मला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या लेखनात सापडतं. १९७७ साली त्यांनी मांडलं की ‘हे ठरावीक काम मला जमेल’ हा भरवसा माणसात चार वाटांनी येतो. स्वतः एखादं काम तडीस नेल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीरामनाची अवस्था. यांत सगळ्यात भक्कम पहिली. आपण शिक्षक आणि पालक मात्र तिसरीवरच सगळी भिस्त ठेवतो, कारण ती सोपी आहे. धीर देणारं वाक्य एका वाईट पेपरात वाहून जातं.

चौथ्या वाटेकडे तर कुणी बघतही नाही. रात्रभर जागून सकाळी हात गार पडलेत, छाती धडधडतेय, पोटात गोळा आलाय. मुलं त्याचा अर्थ ‘माझी तयारी झालेली नाही’ असा लावतात. खरं तर तो न झालेल्या झोपेचा अर्थ असतो. अभ्यासावरचा विश्वास आणि मनाची तब्येत या दोन गोष्टी अशा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. मन थकलं की शरीर खोटी साक्ष देतं, त्या साक्षीवर मूल स्वतःला दोषी ठरवतं, मग पुस्तक उघडायचीच भीती वाटते, आणि न उघडल्यामुळे पुढच्या वेळी खरोखरच येत नाही.

अभ्यासाच्या पद्धतीचाही यात वाटा आहे, आणि हे मला मुलांना कळकळीने सांगावंसं वाटतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यांनी एकदाच वाचून तो पुनःपुन्हा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा नुसतं वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढे निघाले. गंमत म्हणजे, ‘आठवड्याने मला जास्त आठवेल’ अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती! म्हणजे पुस्तक मिटून आठवायला बसल्यावर जे अडतं, जीव मेटाकुटीला येतो, ‘छे, काहीच येत नाही’ असं वाटतं, नेमकं तेव्हाच डोक्यात काही पक्कं होत असतं. किती मुलं त्या क्षणी घाबरून पुस्तक पुन्हा उघडतात आणि हायलायटर फिरवत बसतात. पान ओळखीचं वाटतं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि पेपरात ब्लँक व्हायला होतं.

म्हणून त्या मुलीला आज सांगितलं: वही मिटून गणित कर, पेनने कर, चुकलं तर एक रेघ मार, पण खोडू नकोस. तिचं बरोबर आलेलं तिच्या डोळ्यांसमोर राहायला हवं.

गुरुवार

आजचा मुलगा वेगळा. गेल्या सत्रात प्रश्नांनी भंडावून सोडणारा, या सत्रात शेवटच्या बाकावर, मग हजेरीतूनच नाहीसा. सबमिशन थकलेली. समोर बसला तेव्हा अभ्यासाचं बोलला नाही. झोप नाही, जेवावंसं वाटत नाही, ज्या गोष्टींत जीव रमायचा त्यांतही मन लागत नाही, आणि हे कित्येक आठवडे चाललंय.

याला वेळापत्रक करून देणं म्हणजे ताप भरलेल्याला पळायला सांगणं. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस असं वाटत असेल तर ते ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नये, तज्ज्ञाकडे जावं. मी त्याला सरळ विचारलं, जीव नकोसा वाटतो का, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का. असं विचारल्याने तसला विचार डोक्यात भरतो असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. उलट विचारलं की माणूस मोकळा होतो. तो बराच वेळ बोलला. मग समुपदेशकांकडे आम्ही दोघं चालत गेलो. नुसता फोन नंबर हातात देऊन मुलं जात नाहीत, त्या दारापर्यंत कुणीतरी सोबत लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ८ देश, १९ विद्यापीठं, पहिल्या वर्षाचे जवळपास १४ हजार विद्यार्थी. त्यांतल्या ३५ टक्क्यांमध्ये आयुष्यात कधी ना कधी एखादा मानसिक विकार असल्याची लक्षणं आढळली. साठ जणांचा वर्ग धरला तर वीसेक मुलं झाली. आपण मात्र प्रत्येक वेळी ‘हा एक कसा काय असा निघाला’ म्हणून चकित होतो.

शनिवार

पुढच्या सत्राची आखणी करायला बसले. दर आठवड्याला दहा मिनिटांची चाचणी, पुस्तक मिटून, गुण न धरता. उत्तरपत्रिकेवर नुसत्या चुकांखाली लाल रेघा न मारता, कुठली पायरी बरोबर साधली तेही लिहायचं.

आणखी एक. आपापल्या शाळेत पहिली येणारी मुलं इथे एका वर्गात जमतात आणि त्यांतली बहुतेक एकदम ‘मधली’ होतात. बुद्धी तीच, आजूबाजूची माणसं बदलली. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकापासून हे दाखवून दिलंय: तितकीच कुवत असलेलं मूल हुशारांच्या घोळक्यात स्वतःला कमी लेखतं. हे पहिल्याच आठवड्यात मुलांना उघड सांगायला हवं. शेवटच्या वर्षाची दोन-तीन मुलं येऊन ‘आम्हालाही पहिली परीक्षा होईपर्यंत आपण इथले नाही असंच वाटायचं’ म्हणाली, तर माझ्या तासभराच्या भाषणापेक्षा ते जास्त पोचेल.

समुपदेशकांशी बोलणं झालं, त्या पहिल्या आठवड्यात एका तासाला येणार आहेत. बिनगुणांच्या चाचण्यांना वेळापत्रकात जागा मिळवणं मात्र बाकी आहे. त्यासाठीचा अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी विभागप्रमुखांना भेटते.