बेसबॉल, आणि तोही रेडिओवर?

भारतातून पाहुणे आले की गाडीत बसल्याबसल्या हा प्रश्न येतोच : "अहो, तुम्ही पुण्याचे, क्रिकेटवर वाढलेले. हे बेसबॉल काय ऐकत बसता? आणि घरी एवढा मोठा टीव्ही असताना रेडिओवर?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

सवय जुनीच, फक्त खेळ बदलला. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन ऐकून मोठं झालेल्याला कानांनी मॅच बघणं कुणी शिकवावं लागत नाही. 1984 च्या उन्हाळ्यात मी नोकरीसाठी डेट्रॉइटला आलो, तेव्हा सगळं शहर टायगर्समय, म्हणजे तिथल्या बेसबॉल संघाच्या नादात, झालेलं. मोसमातल्या पहिल्या 40 पैकी 35 सामने जिंकले होते त्यांनी! मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सेकंड शिफ्टला टूलरूमच्या खिडकीत ग्रीसने माखलेला एक रेडिओ असायचा, कायम 760 वर लावलेला, आणि त्यावर टायगर्सचे समालोचक अर्नी हार्वेल बोलत असायचे.

हार्वेल मूळचे जॉर्जियाचे. बोलणं मऊ, निवांत. (1948 साली ब्रुकलिन डॉजर्स या संघाने त्यांना अटलांटाच्या संघाकडून कसं मिळवलं, माहितीये? बदल्यात एक कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला यष्टिरक्षकच म्हणा, देऊन. समालोचकापायी खेळाडू दिल्याचं दुसरं उदाहरण मी तरी ऐकलेलं नाही.) दोन पिचच्या, म्हणजे दोन चेंडूंच्या, मधे ते खुशाल गप्प बसायचे. मग प्रेक्षकांची कुजबुज, हॉटडॉगवाल्याची आरोळी आणि एकदम बॅटचा 'टक्' आवाज. फाउल बॉल (रेषेबाहेर गेलेला फटका) प्रेक्षकांत गेला की सांगायचे, हा सॅगिनॉच्या एका गृहस्थांनी पकडला. पुढचा इप्सिलँटीच्या कुणीतरी. यांना कसं कळतं, म्हणून मी चाट पडायचो. कळत बिळत काही नव्हतं, गावं ते मनानेच ठोकून द्यायचे! तरी आपल्या गावाचं नाव आलं की टूलरूममधला म्हातारा फोरमन हातातलं काम थांबवून सगळ्यांकडे बघायचा. मिशिगनचा नकाशा मी असा फाउल बॉलवर शिकलो.

त्या ऑक्टोबरात टायगर्सनी सॅन डिएगोला हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, जिंकली. नियम मला बहुतेक त्यानंतरच नीट कळले.

रात्रीची मजा वेगळीच. सूर्य मावळला की मीडियम वेव्हच्या लहरी वरच्या वातावरणावर आपटून शेकडो मैल लांब जातात, आणि ते 760 वालं स्टेशन तर 50,000 वॉटचं. ओहायो ओलांडून पेनसिल्व्हेनियात शिरलो तरी खरखरीतून हार्वेल सोबतीला. 1991 नंतर त्यांना घरी बसवलं तेव्हा लोक इतके भडकले की 1993 ला परत बोलवावं लागलं. पुढे 2002 ला ते स्वतःहून थांबले.

आताचे समालोचक वाईट नाहीत, पण आकडे फार सांगतात : चेंडू किती वेगाने सुटला, किती अंशांत उडाला. मला काय करायचंय? तरीही ऐकतो, कारण टीव्हीसमोर मांडी ठोकून बसावं लागतं, रेडिओवर भाजी चिरता येते. तेव्हा एप्रिल ते सप्टेंबर संध्याकाळी फोन केलात, तर इनिंग संपेपर्यंत जरा धरून ठेवा.